वाईट वागायचंय, पण कोणासमोर?

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये आपल्याला सोबती कसे भेटतात ते एकदा ओळीने बघा. शॅडोहार्ट भेटते ती एका बंद पॉडच्या आतून मुठी आपटत. लेझेल पहिल्या भेटीत तलवार रोखते खरी, पण जहाज कोसळल्यावर पुन्हा दिसते ती टांगलेल्या पिंजऱ्यात. गेलचा तर आधी फक्त हात दिसतो. दगडातल्या जांभळट भोवऱ्यातून बाहेर आलेला, कोणीतरी ओढा म्हणणारा हात. कार्लॅक नदीकाठी रक्ताने माखून बसलेली, मागावर तिला मारायला निघालेली माणसं. हॅल्सिन अस्वलाच्या रूपात गॉब्लिनांच्या कोठडीत, आणि गॉब्लिनांची पोरं त्याला दगड मारतायत. मिन्थारा, जी या गेममधली सगळ्यात उघडउघड क्रूर सोबतीण, तीसुद्धा टोळीत येते ती तुरुंगातून सोडवल्यावरच.

अपवादही आहेत. विल स्वतःच दुसऱ्यांना वाचवत असताना भेटतो आणि ॲस्टॅरियन मदतीला बोलावून गळ्याला सुरी लावतो.

तिसऱ्यांदा गेम खेळताना हे माझ्या लक्षात आलं, आणि मग डोक्यातून जाईना. कारण तिसऱ्यांदा मी ‘ईव्हिल रन’ खेळत होतो. गेम खेळणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. पहिल्यांदा सगळे चांगलं वागून खेळतात, सगळ्यांना वाचवतात, कुत्र्याला कुरवाळतात. मग कधीतरी सुट्टीत ठरवतात, आता दुष्ट व्हायचं. आणि बहुतेकांची ती दुष्ट मोहीम दहा-पंधरा तासांत हवेत विरून जाते. का विरते, याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘अरे, जीवच होत नाही वाईट वागायला.’ मला हे उत्तर अपुरं वाटतं. जीव होत असतो. त्यात पुढे काही घडत नसतं, म्हणून कंटाळा येतो.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल्जियममधल्या गेन्ट शहरातल्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीने ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३मध्ये बाजारात आणला. त्यामागे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम आहेत. हा १९७४ सालचा, मित्रांनी टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा खेळ. आपण एक पात्र घ्यायचं, चार जणांची टोळी करायची आणि हिंडायचं. सगळ्यांच्या मेंदूत एक अळी सोडलेली आहे, ती काढायची आहे. गेमचा जीव या अळीत नसून सोबत्यांमध्ये आहे. रात्री तळावर शेकोटी पेटते, त्यांच्याशी बोलायचं, भांडायचं, प्रेमात पडायचं. आपण काहीही केलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात ओळ उमटते, अमक्याला आवडलं, तमकीला आवडलं नाही.

आता पहिल्या अंकातला मोठा पेच. एका वनात ड्रूइड लोक राहतात, त्यांच्या आश्रयाला टीफ्लिंग निर्वासित आलेत, त्यात लहान पोरं आहेत. बाहेर गॉब्लिनांची फौज, तिची सरदार मिन्थारा. तुम्ही वन वाचवू शकता, किंवा मिन्थाराला वाट दाखवून सगळ्यांची कत्तल करू शकता.

कत्तल केलीत तर काय होतं? विल निघून जातो. कार्लॅक निघून जाते. हॅल्सिन मिळत नाही. टीफ्लिंग मेलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या अंकात, जिथे त्यांच्यातले वाचलेले लोक सरायीत भेटून गोष्टी पुढे नेणार होते, तिथे शुकशुकाट. दुकानदार कमी, कामं कमी, संवाद कमी. तुम्ही राक्षस झालात आणि बक्षीस म्हणून तुम्हाला एक रिकामं जग मिळालं. दोन लोक गेले त्याचं दुःख आहेच, पण कसे गेले? चार वाक्यं बोलून. मी कार्लॅकला थांबवू शकत नाही, तिच्याशी वाद घालू शकत नाही, माझी बाजू मांडू शकत नाही. ती ओरडते आणि जाते.

मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे असं का होतं ते मला कळतं आणि त्याबद्दल लॅरियनचा फार रागही येत नाही. एखादं पात्र निघून जाणं म्हणजे कोडमध्ये एक फ्लॅग बदलणं. ‘सोबत आहे’चं ‘सोबत नाही’ केलं, संपलं. पण कार्लॅक थांबली असती तर? तर ती चिडलेली, तुमच्यावरचा विश्वास उडालेली कार्लॅक पुढच्या प्रत्येक प्रसंगात लिहावी लागली असती. प्रत्येक वाक्य नटीकडून बोलून घ्यायचं, हालचाली टिपायच्या, कॅमेरे लावायचे, आणि हे सगळं वन वाचवणाऱ्या कार्लॅकच्या जोडीला, म्हणजे दुप्पट. गेममध्ये १७४ तासांची सिनेमॅटिक दृश्यं आहेत असं कंपनीने प्रकाशनाआधी सांगितलं होतं. त्या ढिगाऱ्यात किती खेळाडू बघतील याचा हिशोब प्रत्येक दृश्यामागे होत असणार.

तो हिशोब काय सांगतो? ‘मास इफेक्ट’ मालिकेवर काम केलेल्या जॉन एबेन्गर यांनी २०२०मध्ये ट्विट केलं होतं की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉन, म्हणजे सज्जन वाटेनेच गेले, आणि दुसऱ्या वाटेवरही आम्ही बरीच मेहनत घेतली होती हो. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला, आणि त्याचा अर्थ लोकांनी लावला की माणसं मुळात चांगली असतात. छान वाटतं ऐकायला. पण ज्या दुकानात एका बाजूला पन्नास पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला तीन शिळे वडे ठेवलेत, तिथल्या गर्दीवरून गिऱ्हाइकांच्या स्वभावाबद्दल काय ठरवणार? शिवाय मघाशी ओळीने बघितलेल्या त्या भेटी आठवा. प्रत्येक सोबत्याशी आपली पहिली कृती कुठली? सोडवणं. पहिले काही तास गेमने आपल्याला सुटकेचीच सवय लावलेली असते. कोणीतरी अडकलंय, हात दे. कोणीतरी अडकलंय, दार उघड. आणि मग अचानक विचारतो, आता पोरं कापणार का? हा प्रश्न निवडीसाठी विचारलेलाच नाही. गेमने आपल्याशी ओळखच मुळी तारणहार म्हणून करून घेतली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीचा पहिला ‘बाल्डर्स गेट’ याबाबतीत जास्त धीट होता. १९९८च्या त्या गेममध्ये आपला पालक डोळ्यांदेखत मारला जातो, आपण रस्त्यावर येतो, आणि थोडं पुढे गेलो की झार आणि मॉन्टॅरॉन नावाचे दोन इसम भेटतात. एक वेडसर जादूगार, एक चोरटा. दोघंही दुष्ट. ते मदत मागत नाहीत. उलट जखमांवर औषध देऊ करतात, आणि मग म्हणतात, आता आमच्याबरोबर नॅश्केलला चला. म्हणजे उपकार आधी, वसुली नंतर. त्यांना घेऊन पुढे गेलात आणि सरायीत जाहीरा आणि खालिद हे भलं जोडपं टोळीत घेतलंत, की या दोन जोड्यांची आपसात धुसफूस सुरू होते आणि ती हातघाईवर येऊ शकते. मोजके पिक्सेल, मोजकी वाक्यं. पण दुष्ट माणूस कसा ओळख करून घेतो याची जाण त्यात आहे. तो पिंजऱ्यात बसून वाट बघत नाही. तो औषध घेऊन येतो.

इथे मला माझ्या गावाकडच्या एका गोष्टीकडे वळायलाच हवं, कारण एंट्री आणि दुष्टपणा या दोन्ही बाबतीत तिच्याएवढं पक्कं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी सध्या सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे आम्ही म्हणतो त्या ओरोसला, घरून काम करतो. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यात देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री दशावतार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे रात्रभर चालणारं नाटक. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. बायकांची कामं परंपरेने पुरुष करतात, रंगरंगोटी नट स्वतःची स्वतः करतात. आणि मुख्य म्हणजे, लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरतं, कोण कोणतं पात्र घेणार ते ठरतं, पुढची सगळी वाक्यं नटांनी उभ्या उभ्या रचायची. आमच्या टेक कंपन्यांत ज्याला ‘रोलप्ले’ म्हणून ट्रेनिंगच्या दिवशी नको नको म्हणत करायला लावतात, ते इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी करतात.

सुरुवातीच्या भागाला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भट येतो, सरस्वती येते. आणि मग येतो संकासूर. वेद चोरणारा राक्षस. काळा अंगरखा, डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत उतरलेली काळी टोपी, बाहेर लोंबणारी लाल कापडी जीभ. लहान मुलं आईच्या पदरात तोंड खुपसतात आणि एका डोळ्याने बघत राहतात. देव शुद्ध भाषेत बोलतात, हा मालवणीत. सूत्रधाराशी हुज्जत घालतो, गावातल्या भानगडी काढतो, चालू राजकारणावर बोलतो. याने ज्ञान चोरलंय, विष्णू याला मारणार आहे, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी जास्तीत जास्त हशा यालाच. पुढे मुख्य आख्यान लागलं की तिथलाही राक्षस तसाच. गर्जना करत येतो, बाकड्यावर पाय ठेवतो, आपण कोण, आपल्याला काय हवंय, आणि ते आपल्याला का मिळायला हवं हे सांगतो. समोरच्या राजाला किंवा ऋषीला त्याचं म्हणणं तिथल्या तिथे खोडावं लागतं. ते खोडता आलं नाही तर लोकांना कळतं. पुराणातला दाखला चुकला तरी कळतं.

या दोन्ही प्रकारांतला फरक मला हळूहळू दिसत गेला तो असा. दशावतारातल्या राक्षसाला शेवट निवडता येत नाही. तो मरणार. त्याचं मरण गोष्टीतच ठरलेलं आहे. पण तिथवर पोचेपर्यंत त्याला बोलायला रात्र मोकळी आहे, आणि समोर असा माणूस आहे ज्याला त्याचं बोलणं ऐकून उत्तर द्यावंच लागतं, जो रागावून गाव सोडून जाऊ शकत नाही. गेमचं नेमकं उलटं. मला शेवट निवडता येतो. वन जाळू शकतो, जग अंकित करू शकतो. पण मी ते का करतोय हे सांगायला मला तीन पर्यायांतली एक ओळ मिळते, आणि ज्याला सांगायचं तो माणूस टोळी सोडून गेलेला असतो. म्हणजे कृतीचं स्वातंत्र्य पूर्ण आणि बोलण्याचं जवळजवळ शून्य. आणि दुष्टपणाची भूमिका करायची तर मला दुसरं जास्त लागतं. नुसतं मारणं कुठल्याही गेममध्ये असतंच. सज्जन वाटेने जाणारा खेळाडूसुद्धा संध्याकाळपर्यंत शंभरेक जणांना मारतो. दुष्ट पात्र त्याहून वेगळं ठरतं ते त्याच्या समर्थनामुळे, आणि समर्थन ऐकायला कोणीतरी लागतं. शक्यतो असं कोणीतरी, ज्याला ते पटणार नाही.

अर्थात तुलना ताणायची नाही. दशावतारातला नट राक्षस होतो, प्रेक्षक होत नाही. गेममध्ये प्रेक्षकालाच राक्षस व्हायचंय. जिवंत नट पुढच्याच क्षणी नवं वाक्य रचतो, रेकॉर्ड केलेला आवाज रचू शकत नाही. शिवाय आता कित्येक ठिकाणी वेळेअभावी आडदशावतारच आवरता घेतात, गणपती आणि रिद्धी-सिद्धी झाल्या की थेट आख्यान, संकासुराला संधीच नाही. त्यामुळे आमचं सगळं सोन्याचं आणि गेमवाल्यांचं पितळेचं, असं मी म्हणत नाहीये. पण गेममध्येही जिथे जिथे दुष्टपणा अंगावर येतो, तिथे तिथे हेच घडलेलं दिसतं. समोरचं पात्र निघून न जाता उभं राहिलेलं असतं.

‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’, बायोवेअर, २००३. स्टार वॉर्सच्या जगातला गेम, पण तलवारी, जादू आणि टोळी असल्यामुळे याच घराण्यातला. यात मिशन नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे आणि झाल्बार हा तिचा केसाळ, धिप्पाड मित्र. दोघांची ओळख नेहमीच्याच पद्धतीने होते. झाल्बार गटारात गुलाम करणाऱ्यांच्या कोठडीत, मिशन रडकुंडीला आलेली, आपण सोडवायचं. सोडवल्यावर झाल्बार जन्मभराच्या उतराईची शपथ घेतो. तेव्हा आपल्याला गोड वाटतं. बरेच तास जातात. शेवटाकडे एका अनोळखी ग्रहाच्या किनाऱ्यावर तुम्ही काळी बाजू निवडलीत, तर मिशन तुमच्यासमोर उभी राहून नाही म्हणते. पळून जात नाही. आणि गेम तुम्हाला एक पर्याय देतो: फोर्सचा दाब आणून, त्याच शपथेची आठवण देऊन, झाल्बारकडून तिला मारवायचं.

वीस वर्षं उलटली तरी खेळाडू या पर्यायाबद्दल आवाज खाली आणून बोलतात. कत्तलींची त्यांना आठवणही नसते. हा प्रसंग का लागतो? कारण त्याचं बी ओळखीच्या प्रसंगात पेरलेलं आहे. ज्या क्षणी आपण तारणहार झालो, त्याच क्षणी आपल्या हातात एक दोरी आली होती, आणि इतके तास ती आपण ओढली नव्हती एवढंच. ‘बाल्डर्स गेट ३’मधल्या इतक्या सगळ्या सुटकांपैकी एकाही सुटकेची अशी वसुली होत नाही. गेलला ओढून काढलंत, लेझेलला पिंजऱ्यातून उतरवलंत. त्या उपकाराचं पुढे काय? काही नाही. दुष्ट माणूस उपकार विसरत नाही, तो त्यांची वही ठेवतो. लॅरियनच्या गेममध्ये ही वहीच नाही.

तरीही लॅरियनने एक गोष्ट केली आहे, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. ‘डार्क अर्ज’ नावाचं पात्र घेऊन खेळता येतं. याची स्मृती गेलेली आहे आणि डोक्यात सतत खुनाच्या कल्पना येतात. भोवऱ्यातून गेलचा हात बाहेर आला की इतर पात्रांना तो ओढण्याचा पर्याय येतो. याला तो कापून टाकण्याचाही येतो. कापलात तर हात तुमच्या सामानात जमा होतो आणि गेल कायमचा गेला. काळा विनोद म्हणून ठीक, पण पुन्हा तेच, पात्र वजा.

अल्फिराचं प्रकरण मात्र निराळं. अल्फिरा ही टीफ्लिंग गायिका. वनात एका कड्यावर बसून अडलेलं गाणं रचत असते, मनात असेल तर आपण तिला ते पुरं करायला मदत करतो. डार्क अर्ज खेळत असलात तर एका रात्री ती तळावर येते. मला तुमच्या टोळीत घ्या म्हणते. उत्साही, जरा घाबरलेली. सोबत्याची रीतसर ओळख व्हावी तसा सगळा थाट. आपण झोपतो. उठतो तेव्हा हात रक्ताने भरलेले असतात आणि ती शेजारी मरून पडलेली असते. आपल्याला कोणी विचारलेलं नसतं.

मी हे खेळत होतो तेव्हा आई खुर्चीमागे शेंगा सोलत बसली होती. तिला गेममधलं काही कळत नाही, पण गाणाऱ्या मुलीकडे तिचं लक्ष होतं.

“ता गाणा म्हणणारा चेडू खय गेला रे?”

“मेला.”

“कोणी मारल्यान?”

“गेमान मारल्यान. माका विचारूक नाय.”

“माऊस कोणाच्या हातात आसा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने आणखी चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, “मगे आता त्या बाकीच्यांका काय सांगतलंस?”

गेम समीक्षेतला याहून नेमका प्रश्न मी वाचलेला नाही. कारण गेम त्याच क्षणी हेच विचारत होता. बाकीचे झोपलेत. रक्त धुऊन गप्प बसायचं, की उठवून सांगायचं? सकाळी ते विचारतात, तेव्हा खोटं बोलायचं की कबूल व्हायचं? पहिल्यांदाच माझ्या दुष्टपणाला समोर माणसं मिळाली होती, आणि ती निघून जाणारी नव्हती. अल्फिराची एंट्री ही लॅरियनने स्वतःच्याच सवयीवर मारलेली कोपरखळी आहे. प्रत्येक सोबती मदत मागत येतो ना? ही बघा, हीसुद्धा तशीच आली.

दुर्दैवाने पुढचा दिवस उजाडतो आणि गेम धीर सोडतो. दोन-चार संवाद होतात, एकदा नाकं मुरडली जातात, आणि नंतर कोणी अल्फिराचं नावही काढत नाही. ज्यांच्या तळावर खून झाला ती माणसं त्याच रात्री त्याच माणसाशेजारी निवांत झोपतात. पहारा लावत नाहीत. मला वाटत राहिलं, एकाने तरी उशाशी सुरी घेऊन झोपावं. ॲस्टॅरियनने तरी.

दुसऱ्या अंकात मात्र याची भरपाई होते. डार्क अर्जला एक हुकूम येतो, तो पाळला नाही तर शिक्षा म्हणून ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्यालाच मारण्याची ऊर्मी रात्री उसळते. आपण त्याला उठवून सावध करू शकतो. मग तो किंवा ती आपल्याला बांधून ठेवते आणि पहाटेपर्यंत थांबते. माझ्या मते गेममधला हा सगळ्यात ताकदीचा प्रसंग, आणि त्यात रक्ताचा थेंब सांडावा लागत नाही. एक राक्षस, एक ऐकणारं माणूस, आणि सरत नसलेली रात्र. आमच्याकडचा कुठलाही मुरलेला नट हा प्रसंग लगेच ओळखेल. बाकडं तेवढं हवं.

पण एक खोच आहे. हे दृश्य दुष्ट होण्याचं नाही, दुष्टपणाला विरोध करण्याचं आहे. आणि डार्क अर्ज मुळात सुटकेची वाट ठेवूनच लिहिलेला आहे: स्मृती गेली, रक्तातच खून आहे, बाप खुनाचा देव. म्हणजे जे काही झालं ते ऊर्मीने केलं. संकासूर कधी म्हणत नाही की माझ्याकडून वेद चोरले गेले. तो चोरतो, आणि वर विचारतो, काय करायचा ता करा. एवढा सरळ दुष्टपणा गेमने खेळाडूला देऊ केलेला नाही. आईला मी जे उत्तर दिलं, ‘गेमान मारल्यान’, ते उत्तर लॅरियनने आधीच लिहून ठेवलेलं होतं.

ऑब्सिडियनच्या ‘टिरनी’ने २०१६मध्ये यावर वेगळा उपाय शोधला होता. तिथे दुष्ट सत्तेचा विजय आधीच झालेला आहे आणि आपण तिच्या पदरी न्याय करणारा अधिकारी. सोबत्यांच्या मनात आपल्याबद्दल दोन मापं चालतात, निष्ठा आणि भीती, आणि दोन्ही एकाच वेळी वाढू शकतात. म्हणजे तुमची धास्ती घेतलेला माणूस निघून जात नाही, राहतो. जास्त जपून बोलतो. ही कल्पना मोठी आहे. गेम मात्र लोकांपर्यंत फारसा पोचला नाही, आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा आहे, त्यामुळे तिचा वंश पुढे चालला नाही.

लॅरियनने नंतरच्या काळात ‘ईव्हिल रन’ खेळणाऱ्यांकडे लक्ष दिलं, नाही असं नाही. सप्टेंबर २०२४च्या सातव्या पॅचमध्ये दुष्ट वाटेचे नवे शेवट आले. भव्य आहेत. संगीत चढत जातं, शहर अंकित होतं. पण बघताना जाणवतं की ज्यांच्यावर सत्ता मिळवली त्यांना आता स्वतःचं मनच उरलेलं नाही, त्यामुळे कोणी काही बोलत नाही. पुन्हा रिकामं जग, फक्त जास्त खर्चात. मला ते पैसे पहिल्या अंकात हवे होते.

त्याआधी, २०२३च्या अखेरीस आलेल्या पॅचमध्ये आणखी एक बदल झाला होता. पूर्वी मिन्थारा हवी तर वनाची कत्तल करावी लागे, तीच त्या कत्तलीची मुख्य कमाई होती. आता तिला नुसतं बेशुद्ध पाडून वन वाचवलं तरी ती दुसऱ्या अंकात टोळीत येते. सज्जन खेळाडूंनी तशी मागणी लावून धरली होती आणि ती मान्य झाली. छान झालं, मिन्थाराचं लिखाण फार चांगलं आहे, ते जास्त लोकांनी ऐकावं. म्हणजे आता सज्जनाच्या तळावर शेकोटीपाशी एक क्रूर बाई बसते, त्याच्या दयेची टर उडवते, आणि त्याला तिला रोज उत्तर द्यावं लागतं. दुष्टाच्या तळावर कार्लॅकची जागा तशीच रिकामी आहे. तिला बेशुद्ध पाडून, बांधून, हवं तर पुन्हा पिंजऱ्यात घालून, पण थांबवायची सोय अजून कुठल्याही पॅचमध्ये आलेली नाही.